बेळगाव सीमाभागात मोठ्या वयात दहावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा मध्येच सुटलेल्या, आता कामाधंद्यात किंवा संसारात असलेल्या आणि दहावीचा कागद हवा असलेल्या मराठी माणसांसाठी हे पान आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी इकडून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. कारवार-हल्याळकडच्यांनाही बहुतेक उत्तरे तशीच लागू पडतील.

वय चाळिशीच्या पुढे गेलंय. आता दहावीला बसू देतील का?

देतील. वयाची वरची मर्यादा कुठेच नाही. खालची आहे, ती तुम्ही केव्हाच ओलांडली. परीक्षा केंद्रावर पोरांच्या मध्ये बसावं लागेल याची लाज अनेकांना वाटते. पण त्या पोरांना स्वतःच्या पेपरची इतकी धास्ती असते की शेजारी कोण बसलंय हे बघायला कुणाला सवड नसते.

वाटा किती आहेत?

आपल्या भागातून कामाच्या अशा दोनच. पहिली म्हणजे कर्नाटक बोर्डाची एसएसएलसी, म्हणजे तिथली दहावी, बाहेरून देणे. त्या मंडळाचं आताचं नाव कर्नाटक शालेय परीक्षा आणि मूल्यनिर्णय मंडळ. दुसरी म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान. सगळे त्याला एनआयओएस म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव वापरलं आहे. १९८९ साली सुरू झालेलं हे बोर्ड देशभर चालतं आणि त्याची दहावी कायद्याने इतर कुठल्याही बोर्डाच्या दहावीइतकीच धरली जाते.

तिसरी वाट फॉर्म नंबर १७ ची, म्हणजे महाराष्ट्र बोर्डाची दहावी बाहेरून देण्याची. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण सीमेवर सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

मग मी कोणती निवडू?

आधी एक ठरवा: दहावी कशासाठी हवी आहे? याचं उत्तर नसताना फॉर्म भरलेली माणसं दोन वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर दिसतात.

पोस्टातली ग्रामीण डाक सेवकाची जागा डोळ्यांसमोर असेल तर दहावीत गणित आणि इंग्रजी उत्तीर्ण असावं लागतं आणि त्या राज्याची स्थानिक भाषा निदान दहावीपर्यंत शिकलेली असावी लागते. पोस्टाच्या कर्नाटक विभागासाठी (सर्कलसाठी) ती भाषा कन्नड, महाराष्ट्र सर्कलसाठी मराठी चालते. शिवाय ही भरती दहावीच्या गुणांवर लागते, लेखी परीक्षा नसते. म्हणजे जेमतेम पास होऊन भागत नाही, गुण लागतात. वय १८ ते ४०, राखीव गटांना त्यात सवलत.

आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा फिटर करायचं असेल तर दहावीत गणित आणि विज्ञान लागतंच. वेल्डरला आठवी पुरते. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्या कित्येकांना हे माहीतच नसतं. हातात वेल्डिंगचं कसब असतं, आठवीचा दाखला असतो आणि तरी ते दहावीसाठी थांबून राहतात.

फक्त बढतीसाठी, बचत गटाच्या पदासाठी किंवा पासपोर्टसाठी दहावी हवी असेल तर विषय कुठलेही चालतील. अशा वेळी एनआयओएस सोपं पडतं.

थोडक्यात आमचं मत असं. शाळा नववी-दहावीत सुटली असेल, टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) हाताशी असेल आणि नोकरी कर्नाटकातच बघायची असेल तर एसएसएलसी. शाळा सहावी-सातवीत सुटली असेल, कागद अपुरे असतील किंवा एकेक विषय सावकाश सोडवायचा असेल तर एनआयओएस.

शाळेचा दाखला हरवला आहे. शाळा तर बंदच पडली.

शाळा चालू असेल तर हेडमास्तरांकडे टीसीच्या दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज द्या. जनरल रजिस्टरचा नंबर माहीत असेल तर काम पटकन होतं. नसेल तर कोणत्या वर्षी कोणत्या इयत्तेत होतो ते सांगा आणि त्याच वर्गातल्या एखाद्याची टीसी मिळाली तर तिच्यावरचं वर्ष दाखवा. रजिस्टरात आजूबाजूची पानं शोधायला तेवढा धागा पुरतो.

शाळा बंद पडली असेल किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल तर तिची रजिस्टरं कुठे गेली हे तालुक्याच्या क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या, म्हणजे बीईओ ऑफिसात कळतं. एक लक्षात ठेवा. बेळगाव जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिकोडी. निपाणी, कागवाड, अथणी, रायबाग, हुक्केरी, गोकाक हे चिकोडीत येतात. खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग बेळगावात. निपाणीचा माणूस बेळगावच्या डीडीपीआय (शिक्षण उपसंचालक) ऑफिसात गेला तर त्याचा दिवस फुकट जातो.

टीसी काही केल्या मिळतच नसेल तर एनआयओएस घ्या. दहावीच्या प्रवेशासाठी तिथे आठवीचा कागद नसला तरी अभ्यास झेपण्याइतकं शिक्षण झालं आहे असं स्वतःचं लेखी निवेदन चालतं. वयाचा पुरावा मात्र पक्का हवा.

आधारवर एक नाव, टीसीवर दुसरं. चालेल का?

नाही. सर्वात जास्त अर्ज अडतात ते इथेच, म्हणून याचं उत्तर लांबलं आहे.

सीमाभागात नावं तीन हातांतून फिरलेली असतात. मराठी शाळेच्या रजिस्टरात देवनागरीत, सरकारी दप्तरात कन्नडात आणि आधारवर इंग्रजीत. ‘ज्ञानेश्वर’ घ्या. मराठी वळणाने इंग्रजीत लिहिताना सुरुवात डी-एन-वायने होते, कन्नड वळणाने जे-एन-एने. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी दोन. ‘पाटील’मध्ये कुठे एक आय, कुठे दोन ई. वडिलांचं नाव कुठे पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. आडनाव कधी पुढे, कधी मागे, कधी गायबच.

काय करायचं? टीसी, आधार, जन्मदाखला असे सगळे कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख या चार गोष्टी अक्षरागणिक ताडून बघा. एसएसएलसीला बसणार असाल तर टीसीवरचं नाव मूळ धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून अंदाजाने दुरुस्ती करायला जाऊ नका. फरक एक-दोन अक्षरांचा असेल तर ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असं नोटरीसमोरचं अफिडेव्हिट बऱ्याच ठिकाणी चालतं. अख्खं नाव वेगळं असेल तर ते चालत नाही. तेव्हा राजपत्रात जाहिरात देऊनच नाव बदलावं लागतं.

लग्न झालेल्या बायकांचा प्रश्न वेगळा. टीसी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. आमचा सल्ला: टीसी असेल तर दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावानेच निघू द्या आणि दोन नावं जोडायला विवाह नोंदणीचा दाखला ठेवा. टीसी नसेल आणि एनआयओएसने जाणार असाल तर आधारवरचंच नाव घाला, म्हणजे पुढे दर वेळी जोडदाखला दाखवत बसावं लागणार नाही. विवाह नोंदणीच झालेली नसेल तर ती आधी करून घ्या. वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचीही नोंदणी होते.

टीसीवर १ जून ही जन्मतारीख आहे, खरी वेगळी आहे.

१ जूनला जन्मलेली माणसं आपल्याकडे फार. शाळेत घालताना गुरुजींनी जी लिहिली तीच. ती बदलायच्या फंदात पडू नका, जोवर दुसऱ्या सगळ्या कागदांवरही तीच आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर छापलेली जन्मतारीख पुढे सगळीकडे पुरावा म्हणून धरली जाते आणि प्रमाणपत्र निघाल्यावर ती बदलणं जवळजवळ अशक्य. फरक असेल तर तो परीक्षेच्या फॉर्मआधी मिटवा.

एसएसएलसी बाहेरून द्यायची तर सुरुवात कुठून करायची?

बाहेरून बसणाऱ्यांची नोंदणी मंडळ थेट घेत नाही. दर तालुक्यात त्यासाठी ठरवून दिलेल्या शाळा असतात, त्यांना नोडल शाळा म्हणतात. त्यांची यादी बीईओ ऑफिसात मिळते. मार्चमधल्या परीक्षेसाठीची नोंदणी आदल्या वर्षाच्या अखेरीकडे चालते, म्हणून गणपती झाले की चौकशीला लागा. जानेवारीत गेलात तर दंड भरूनही काम होईलच असं नाही.

जाताना टीसी, आधार, जन्माचा पुरावा, फोटो आणि जातीची सवलत असेल तर नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) काढलेला जातीचा दाखला, सगळ्याच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स घ्या. फॉर्म शाळेतले क्लार्क संगणकावर भरतात. भरून झाल्यावर छापील प्रत मागा आणि तिथेच उभं राहून पाच गोष्टी वाचा: नाव, आई-वडिलांचं नाव, जन्मतारीख, पहिली भाषा, माध्यम. फॉर्मवर उमेदवाराचा प्रकार इंग्रजी अक्षरांत असतो. पहिल्यांदाच बाहेरून बसणाऱ्याला सीसीईपीएफ आणि बाहेरून पुन्हा बसणाऱ्याला सीसीईपीआर. प्रकार चुकला तर विषयांची यादी चुकते, आणि ते कळतं हॉल तिकीट हातात आल्यावर.

फॉर्म आणि सूचना बहुधा कन्नड-इंग्रजीत असतात. त्या मराठीतही मिळायला हव्यात ही मागणी रास्त आहे, पण अर्जाची मुदत तिच्यासाठी थांबत नाही. कन्नड वाचता येणारं कुणीतरी सोबत न्या.

मराठीतून पेपर लिहिता येतो का? कन्नड घ्यावंच लागतं का?

एसएसएलसीत मराठी ही पहिली भाषा म्हणून घेता येते आणि गणित, विज्ञान, समाजविज्ञान मराठी माध्यमातून लिहिता येतात. एकूण सहा विषय, ६२५ गुण: पहिली भाषा १२५ ची, बाकीचे पाच १०० चे. मराठी पहिली घेतली तर इंग्रजी आणि कन्नड दुसऱ्या-तिसऱ्या भाषेच्या जागी येतात. तिसऱ्या भाषेला हिंदीचाही पर्याय आहे. तुमच्या नोडल शाळेत कोणती जोडी मिळते ते फॉर्मआधी विचारा.

आमचं मत विचाराल तर कन्नड सोडू नका. घरी मराठी असली तरी बाजारात, बसमध्ये, तलाठ्याकडे ऐकून ऐकून निम्मी कन्नड कानात बसलेली असते, फक्त लिपी बसवायची बाकी असते. दीड-दोन महिने रोज अर्धा तास दिला तर वाचन जमतं. आणि वर सांगितल्याप्रमाणे इथल्या नोकऱ्यांत तिच्यावाचून अडतं.

एनआयओएसमध्येही मराठी हा विषय आहे, क्रमांक २०४. कन्नड २०८, इंग्रजी २०२. दहावीच्या माध्यमांतही मराठी आहे. मात्र तुम्ही निवडलेल्या अभ्यास केंद्रावर मराठी पुस्तकं येतात का आणि शिकवणारं कुणी आहे का, हे प्रवेशाआधी विचारून घ्या.

कोल्हापूरहून दहावीचं गाईड आणलं तर चालेल?

फॉर्म नंबर १७ भरला असेल तरच. कोल्हापूर-गडहिंग्लजच्या दुकानांत मिळणारी डायजेस्ट आणि अपेक्षित प्रश्नसंच महाराष्ट्र बोर्डाच्या अभ्यासक्रमावर असतात. कर्नाटकची गणित-विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीच्या धर्तीवर आहेत. धड्यांचा क्रम वेगळा, प्रश्नांची ठेवण वेगळी, समाजविज्ञानात तर इतिहासाचा भागच निराळा. मराठी विषयाचे धडेही वेगळे. गाईड मराठीत आहे म्हणून आपलं, असं होत नाही. कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीची मराठी माध्यमाची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. मोबाईलवर वाचण्यापेक्षा छापून घ्या किंवा यंदा दहावी झालेल्या शेजारच्या मुलीची मागून घ्या. मंडळाच्या संकेतस्थळावरच्या नमुना प्रश्नपत्रिकाही उतरवून ठेवा.

एनआयओएसची पद्धत नीट सांगा.

प्रवेश ऑनलाइन. फॉर्ममध्ये अभ्यास केंद्र निवडायचं, पाच विषय निवडायचे, आधार, वयाचा पुरावा, फोटो आणि सही चढवायची, फी भरायची. बायकांना फी पुरुषांपेक्षा कमी आहे. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि माजी सैनिकांनाही सवलत आहे, तेव्हा दाखला असूनही सर्वसाधारण फी भरू नका. कर्नाटकचं विभागीय केंद्र बंगळूरला आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर.

एकदा नोंदणी झाली की ती पाच वर्षं चालते आणि त्या काळात परीक्षेला बसायच्या नऊ संधी मिळतात. सगळे विषय एका दमात द्यायची सक्ती नाही. या हंगामात दोन, पुढच्या हंगामात दोन, मग एक, असं चालतं. पास झालेला विषय पास राहतो. पासाची अट ३३ टक्के, आणि प्रात्यक्षिक असलेल्या विषयात लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळी.

लोक अडकतात ते तीन ठिकाणी. एक, प्रवेश फी भरली म्हणजे परीक्षेचीही भरली असं समजतात. परीक्षा फी वेगळी असते, वेगळ्या मुदतीत, विषयागणिक भरायची. एप्रिलची मुदत हिवाळ्यात येते आणि निघून जाते, आणि माणूस हॉल तिकिटाची वाट बघत बसतो. दोन, टीएमए, म्हणजे घरी लिहून द्यायचे स्वाध्याय. त्यांचं वजन २० टक्के आहे. पुस्तक समोर ठेवून लिहायचे हे गुण सोडून देणं म्हणजे निव्वळ आळस. तीन, फॉर्ममध्ये दिलेला मोबाईल नंबर. सायबर कॅफेवाल्याने सवयीने स्वतःचा नंबर घातला की सगळे संदेश त्याच्याकडे जातात. तुमचा नंबर आणि ईमेल तुमच्यासमोर घालून घ्या आणि पासवर्ड कागदावर लिहून आणा.

एनआयओएसला सोपे विषय घेऊन मोकळं व्हावं का?

पाच विषयांत निदान एक भाषा हवी, दोन घेता येतात. गणित (२११) आणि विज्ञान (२१२) सक्तीचे नाहीत. म्हणून केंद्रवाले बहुधा एक ठरलेला संच सुचवतात: मराठी, गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री, भारतीय संस्कृती आणि वारसा. पास होण्यासाठी संच उत्तम. पण त्यावर इलेक्ट्रिशियनचा आयटीआय नाही, डिप्लोमा नाही, पोस्टाची जागा नाही.

मधला मार्ग असा की मराठी, इंग्रजी, गणित आणि दोन हलके विषय घ्यायचे आणि कन्नड जादा विषय म्हणून जोडायची. पाचावर आणखी दोन जादा घेता येतात. गणिताला दोन-तीन खेपा लागल्या तरी नऊ संधी असतात.

निपाणीत राहतो, बहीण कागलला आहे. तिच्या पत्त्यावर फॉर्म १७ भरू का?

भरू नका. त्या फॉर्मला महाराष्ट्रातला राहण्याचा पत्ता लागतो आणि छाननी कागदांवरून होते. आधार कर्नाटकातलं, टीसी कर्नाटकातली आणि पत्ता बहिणीचा, असा अर्ज एकतर परत येतो, नाहीतर पुढे नोकरीच्या पडताळणीत वर येतो. खरोखरच कागल, मिरज, चंदगडकडे राहायला गेला असाल, भाडेकरार असेल, आधार बदललं असेल तर मात्र जरूर भरा. मराठीतून अभ्यासाला ती वाट चांगली आहे.

८६५ गावांच्या सवलतीचं इथे हमखास विचारलं जातं. सीमाभागातल्या त्या गावांच्या मराठी भाषिकांना महाराष्ट्रातल्या नोकऱ्या आणि काही प्रवेशांसाठी वेगळी तरतूद आहे. ती दहावी झाल्यावर कामाला येते. गाव यादीत असेल तर एसएसएलसी झालेल्यालाही महाराष्ट्राचं दार बंद नाही, म्हणून त्यासाठी खोटा पत्ता दाखवायचं कारणच उरत नाही.

‘परीक्षा न देता दोन महिन्यांत दहावी’ अशी जाहिरात दिसते.

कागद मिळेल, दहावी मिळणार नाही. खऱ्या बोर्डाची ओळख सोपी: परीक्षा स्वतः जाऊन द्यावी लागते, हॉल तिकिटावर तुमचा फोटो असतो आणि निकाल बोर्डाच्या संकेतस्थळावर आणि डिजिलॉकरमध्ये दिसतो. ‘दिल्ली’, ‘केंद्रीय’, ‘राष्ट्रीय’ असे शब्द नावात घालून बनावट बोर्डं चालतात. पैसे देण्याआधी ते नाव शालेय मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेच्या, म्हणजे कॉब्सेच्या यादीत आहे का बघा. ‘तुमच्या जागी दुसरा बसवू’ म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नका, तो सरळ गुन्हा आहे. आणि मूळ टीसी कुठल्याही क्लासवाल्याकडे ठेवू नका. फी थकली की ती अडकवून ठेवतात.

काम सांभाळून किती अभ्यास लागतो?

हिशेब मांडा. रोज दीड तास, सहा महिने म्हणजे साधारण २७० तास. पाच विषयांत वाटले तर एकेकाला ५४ तास येतात. भाषांना तेवढे लागत नाहीत, ते गणित-इंग्रजीकडे वळवा.

हंगाम बघून परीक्षा निवडा, हे कुणी सांगत नाही. खानापूरकडे भात करणाऱ्याला जून-जुलैत पेरणी आणि रोपलावणीच्या गडबडीत पुस्तक हातात धरायला मिळत नाही. अथणी, रायबाग, चिकोडीच्या ऊसपट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरला तोडी सुरू होतात, त्यांनी एनआयओएसची एप्रिल-मेची परीक्षा धरावी. वडगाव-शहापूरच्या मागावर काम करणाऱ्यांना दिवाळीआधीचा महिना अभ्यासासाठी गेलाच समजावं. शिफ्टचं काम असेल तर रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन काही शिकू नका, लिहून काढायचं काम ठेवा.

गणिताची धडकी भरते.

सुरुवात पहिल्या धड्यापासून करू नका. सांख्यिकी, संभाव्यता, अंकगणिती श्रेढी, दोन चलांतील समीकरणे, या क्रमाने घ्या. व्यवहारात हिशेब करणाऱ्याला यातलं बरंच ओळखीचं वाटतं. उदाहरणार्थ ३, ७, ११, १५… या श्रेढीचं विसावं पद काढा. फरक ४. पहिलं पद ३, त्यात १९ वेळा ४ मिळवायचे: ३ + ७६ = ७९. मोठी माणसं हे तोंडी काढतात आणि नुसतं ‘७९’ लिहून मोकळी होतात. तिथेच गुण जातात. गुण पायऱ्यांना असतात: सूत्र, किंमती घालणं, आकडेमोड, उत्तर. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. नुसतं उत्तर बरोबर असून पूर्ण गुण मिळत नाहीत.

भूमितीची प्रमेयं शेवटी, आणि तीही मोजकीच, आकृतीसकट दहा-दहा वेळा लिहून.

येतं सगळं, पण पेपर पुरा होत नाही.

पंधरा-वीस वर्षांत सहीपलीकडे पेन धरलेलं नसतं, त्यामुळे अर्ध्या तासात बोटं आखडतात. पेपर ८० गुणांचा आणि वेळ तीन तास असेल तर एका गुणाला सव्वादोन मिनिटं येतात. रोज घड्याळ लावून एक पान लिहा. पहिल्या आठवड्यात पानाला वीस मिनिटं लागली तर घाबरू नका, परीक्षेपर्यंत ती दहावर आणा. परीक्षेआधीच्या महिन्यात दर रविवारी एक अख्खा पेपर, तीन तास, मध्ये न उठता.

आणि डोळे तपासून घ्या. चाळिशी लागलेली असते आणि माणूस म्हणतो, वाचलेलं डोक्यात राहत नाही. राहणार कसं, अक्षर दिसतच नसतं. चष्मा परीक्षेच्या निदान महिनाभर आधी करा, म्हणजे सवय होते.

परीक्षेच्या दिवशी काय सांभाळायचं?

केंद्र आदल्या दिवशी बघून या, नोंदणीची शाळा आणि केंद्र एकच असेल असं नाही. हॉल तिकीट, आधार, दोन निळी पेनं, साधं घड्याळ. मोबाईल आणि स्मार्टवॉच घरी. एसएसएलसीच्या खोल्यांत कॅमेरे असतात, मान वळवायची सवय असेल तर मोडा. सुरुवातीची पंधरा मिनिटं प्रश्नपत्रिका वाचायला असतात, त्यात येणाऱ्या प्रश्नांवर खूण करून ठेवा. बायकांना शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमधून फुकट जाता येतं. पुरुषांनीही हॉल तिकीट कंडक्टरला दाखवून बघावं, परीक्षेच्या दिवसांत सवलत जाहीर होत असते.

पंचवीस वर्षांपूर्वी दोन विषयांत नापास झालो होतो. सगळे पुन्हा द्यावे लागतील?

एसएसएलसीत राहिलेलेच विषय द्यायचे असतात. नापास झालात त्याच शाळेत जुनं मार्क्स कार्ड आणि नोंदणी क्रमांक घेऊन जा, नोंदणी तिथूनच होते. तुमच्या वेळचा अभ्यासक्रम आणि आजचा यात फरक पडलेला असतो, म्हणून कोणत्या योजनेखाली बसवणार हे आधी विचारा आणि मगच पुस्तक घ्या. एनआयओएसमध्ये दुसऱ्या बोर्डात पास झालेले जास्तीत जास्त दोन विषय वळते करून घेता येतात, पण इतक्या जुन्या मार्क्स कार्डावर त्याचा भरवसा धरू नका.

या वेळी एका विषयात गेलो. वर्ष गेलं का?

नाही. एसएसएलसीची २०२४ पासून वर्षात एकापेक्षा जास्त वेळा परीक्षा होते, पुढची नोंदणी निकालानंतर थोड्याच दिवसांत उघडते आणि लवकर बंद होते. निकालाच्या दिवशीच शाळेत जा. दोन-चार गुणांनी गेला असेल तर उत्तरपत्रिकेची प्रत मागवून बेरीज तपासा आणि मग पुनर्मूल्यांकन ठरवा. आणि २०२५-२६ पासून पासाची अट ३५ वरून ३३ टक्क्यांवर आली आहे, तेव्हा जुन्या गाईडातल्या आकड्यावर जाऊ नका.

आईला वाचताच येत नाही. तिच्यासाठी काही आहे का?

आहे. १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी २०२२ ते २०२७ या काळात उल्लास हा साक्षरता कार्यक्रम चालू आहे. त्यात वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची चाचणी होते. ती दहावी नव्हे, पण तिथून पुढे एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षणात अ, ब, क असे तीन स्तर आहेत, अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे. क स्तर झाला की दहावी.

पास झालो. आता पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कसं जायचं?

एसएसएलसीवाल्यांना मार्क्स कार्ड आणि टीसीवर प्रवेश मिळतो. एनआयओएसवाल्यांना दुसऱ्या बोर्डाचे म्हणून पात्रतेचा दाखला काढावा लागतो. कॉलेजच त्याचा अर्ज पीयू खात्याकडे पाठवतं. एनआयओएस मार्क्स कार्डाबरोबर मायग्रेशन प्रमाणपत्र देतं, ते जपून ठेवा. त्याच्यावाचून अर्ज पुढे सरकत नाही.

गल्फला जायचं आहे, त्यासाठी दहावी लागते म्हणतात.

जायला लागत नाही. पण दहावी पास नसेल तर पासपोर्टवर ईसीआर शिक्का येतो आणि आखातातल्या देशांसह अठरा देशांत नोकरीला जाताना प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. दहावीचं प्रमाणपत्र जोडलं की ती अट जाते, एनआयओएसचंही चालतं. पासपोर्ट आधीच निघाला असेल तर प्रमाणपत्र जोडून पुन्हा काढण्याचा अर्ज करावा लागतो, आपोआप काही बदलत नाही.

आणि हेवी लायसन्सला?

नाही लागत. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्येच काढून टाकली. एजंट अजूनही तिच्या नावावर पैसे मागतात, देऊ नका.